रेडिओच्या दुकानातल्या तलवारी

आमचं दुकान देसाईगंजच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या तोंडी वडशाच्या, बाजारात आहे. पाटी अजून मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वेळचीच: ‘रेडिओ, टेप, घड्याळ दुरुस्त करून मिळेल’. मी आयटीआय करून सून म्हणून आले तेव्हा टेप संपलेले होते. मिक्सर, टॉर्च आणि एलईडी बल्ब यांच्यावर घर चालायचं. पहिलं वर्षभर गिऱ्हाईक माझ्याकडे बघून विचारायचं, “मामाजी नाहीत का?”

वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या, आमच्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांची पेठ. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की कंपन्या रोज नव्या गावी जातात. रात्री उशिरा पडदा उघडतो तो थेट पहाटे पडतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरांनी झाडीपट्टीवर भरभरून लिहिलं. आमच्या दुकानाला मात्र नाटकवाले म्हणजे फाटके स्पीकर, तुटके माईक आणि सीझन संपल्यावर मिळणारे पैसे.

अशाच एका कंपनीचे मॅनेजर एका सकाळी न झोपलेल्या डोळ्यांनी आले आणि काउंटरवर जत्रेतल्या दोन खेळण्यातल्या तलवारी ठेवल्या. “वहिनी, काल अर्धी तलवार इझली जी. इकडं राजा मारते, अन् पब्लिक वरडते, लाइन गेली, लाइन गेली!”

उघडून पाहिलं. दुधी नळीत वरपर्यंत लांब पट्टी, तिच्यावर मोजून १८ बारके एलईडी, खाली मुठीत आवाज काढणारी आणि दिवे पेटवणारी बारकी चिप, म्हणजे टिकली, आणि पेन्सिल सेलचे तीन धाकटे भाऊ. पट्टीची तांब्याची रेघ एका ठिकाणी तडकली की तिच्या वरचे सगळे दिवे जातात. मी दोनदा सोल्डरचा डाग दिला, दोनदा तलवार परत आली. नाटकातली तलवार आपटणारच, ती आपटू नका कसं सांगणार?

मग पट्टीच काढून टाकली. मुठीच्या तोंडाशी १ वॅटचा एकच एलईडी, त्याच्यावर लेन्स, आणि सगळा उजेड नळीतून वर. नुसता उजेड सोडला तर तो शेंड्यातून निघून जातो, नळी फिकीच दिसते. म्हणून आत गिफ्टवर गुंडाळतात तो पारदर्शक कागद सैल गुंडाळून घातला आणि शेंड्याला चहाच्या पुड्याची चंदेरी चकती उलटी चिकटवली. नळी मुळापासून टोकापर्यंत भरली. आता आपटा किती आपटायची ती, नळीत तुटण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

खरी डोकेदुखी मुठीत होती. आवाजाची टिकली बारक्या दिव्यांपुरती. १ वॅटच्या एलईडीला ३५० मिलिअँपिअर लागतात. सरळ जोडला तर एलईडी मिणमिणला आणि तलवार ‘झूं’ऐवजी उचकी देऊ लागली. मधे बीसी ५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर घातला. तो १०० मिलिअँपिअरचा गडी, दोन मिनिटांत वास आला. शेवटी नागपूरहून आयआरएलझेड ४४ एन मॉसफेट, म्हणजे जास्त करंट पेलणारे ट्रान्झिस्टर, मागवले. टिकली फक्त इशारा देते, ओझं मॉसफेट उचलतो. एलईडीखाली उष्णता ओढून घ्यायला जुन्या अॅम्प्लिफायरच्या हीटसिंकचा कापलेला तुकडा, सेलच्या जागी ३.७ व्होल्टचा एक लिथियम सेल. जुन्या लॅपटॉपचे काढलेले सेल स्वस्त मिळतात, पण कलाकाराच्या मुठीत ते द्यायचं माझं धाडस नाही.

आणि तरीही फजिती झालीच. राजाची तलवार निळी, खलनायकाची लाल. निळा एलईडी ३.२ व्होल्टच्या आसपास घेतो, लाल २.२ च्या. म्हणून करंट आवरायला निळ्याला २.७ ओहमचा रेझिस्टर, लाल्याला ५.६ चा. घाईत माझ्याकडून त्यांची अदलाबदल झाली. त्या रात्री मी स्वतः प्रयोगाला गेले होते. राजाची तलवार काजव्यासारखी, आणि खलनायकाची अशी लखलखली की पहिल्यांदा त्याच्यासाठी टाळ्या पडल्या. दुप्पट करंट खाऊन ती दुसऱ्या अंकात विझली. खलनायक हुशार, तिथल्या तिथे म्हणाला, “तुझ्या तेजापुढं माझी तलवारही विझली, राजा!” मॅनेजर हसले, पण मजुरीतले निम्मे पैसे कापले. बरोबरच केलं. त्या दिवसापासून जोडणीआधी मीटर लावून रेझिस्टर मोजते, त्याच्यावरच्या रंगांच्या पट्ट्यांवर भरवसा ठेवत नाही.

नंतर दुसऱ्या कंपन्या आल्या, गॅदरिंगसाठी शाळा आल्या. जोडीला एक मुलगी कामाला ठेवली, तिचा डाग माझ्यापेक्षा नेटका बसतो. पैसा फार नाही, चार महिन्यांचं काम. पण आता गिऱ्हाईक मामाजींना विचारतं, “वहिनी नाहीत का?”

लहान पोरांच्या तलवारी आल्या तर आधी सेलचं झाकण बघते. बटन सेल असतील आणि झाकणाला स्क्रू नसेल, तर आधी स्क्रू, मग उजेड. पोराने तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. आईबापांना हे सांगितलं की ते स्क्रूचे पैसे विचारतात. घेत नाही.

सध्या टेबलावर सात तलवारी आहेत आणि हनुमानाची एक गदा. गदेला लेन्स चालत नाही, तिथे उजेड चहूबाजूंनी फाकायला हवा. मामाजींनी काल माळ्यावरून जुन्या दिव्याचा दुधी गोळा शोधून काढला. काचेचा आहे, म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही.