बर्फाळ हवेचं इंग्रजी: नागपूरहून निघण्याआधी

थंडीसाठी नागपूरकराकडे शब्द भरपूर आहेत. गारठा, हुडहुडी, बोचरी थंडी, धुकं, दव, आणि हातातोंडाशी आलेला हरभरा झोपवणारी गारपीट. आभाळातून बर्फ तेवढा आपल्याकडे पडत नाही. त्यामुळे फ्रीजमधला, गोळ्याच्या गाडीवरचा आणि मनालीच्या फोटोतला, सगळा आपल्या लेखी ‘बर्फ’च. ‘हिम’ हा शब्द पुस्तकात राहतो, तोंडी येत नाही. तोच हिशेब इंग्रजीत गेला की ‘आइस फॉल होतोय’ असं वाक्य तयार होतं आणि समोरच्याला काहीच कळत नाही.

जानेवारीच्या प्रवेशासाठी कॅनडाला किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात जाणारी मुलं थेट भर हिवाळ्यात उतरतात. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी पक्की असते, पण पहिल्याच सकाळी फोनवर आलेला हवामानाचा संदेश उलगडत नाही. तिथे असा प्रत्येक शब्द एक सूचना असतो: गाडी काढायची की नाही, बूट कोणते घालायचे, कॉलेज भरणार की नाही. म्हणून हे शब्द पाठ करण्यापेक्षा ‘हे ऐकल्यावर मी काय करायचं’ या प्रश्नासकट शिकावेत.

सुरुवात पडणाऱ्या बर्फापासून. आभाळातून पडतो आणि जमिनीवर मऊ साचतो तो स्नो. पाणी गोठून कडक झालं की आइस. स्नो मोजता येत नाही, म्हणून ‘अ स्नो’ किंवा ‘टू स्नोज’ नाही. ‘टू इंचेस ऑफ स्नो’. बर्फ पडतोय हे सांगायला ‘इट्स स्नोइंग’ पुरे. जोरात पडत असेल तर ‘इट्स कमिंग डाउन हार्ड’. ‘बिग स्नो’ कुणी म्हणत नाही, ‘हेवी स्नो’ म्हणतात. आणि एक प्रश्न तिथे सतत कानावर पडतो: ‘इज इट स्टिकिंग?’ म्हणजे पडणारा बर्फ जमिनीवर टिकतोय की पडताक्षणी वितळतोय. टिकत नसेल तर फावडं काढायची गरज नाही.

हलके, तुरळक, वाऱ्यावर भिरभिरणारे कण म्हणजे फ्लरीज. यात साचणं जवळपास नसतंच, कामं रद्द होत नाहीत. पातळ थर बसला तर ‘अ डस्टिंग’. स्नो शॉवर म्हणजे थोडा वेळ येऊन जाणारी सर. स्क्वॉल मात्र वेगळं प्रकरण आहे. तो मिनिटांचा खेळ असतो, पण वारा आणि बर्फ इतक्या जोरात येतात की हायवेवर समोरची गाडी दिसेनाशी होते. ‘स्नो स्क्वॉल वॉर्निंग’ आली आणि तुम्ही अजून निघाला नसाल, तर तो सरेपर्यंत थांबावं.

ब्लिझर्ड हा शब्द आपल्याकडे ‘खूप बर्फ’ या अर्थाने सर्रास वापरला जातो, आणि तो चुकीचा आहे. ब्लिझर्डमध्ये किती बर्फ पडला हा मुद्दाच नसतो. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसची व्याख्या अशी: ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर किंवा जास्त वारा, पाव मैलापेक्षा कमी दृश्यमानता, आणि ही स्थिती किमान ३ तास. कॅनडाच्या बऱ्याच भागात निकष ताशी ४० किलोमीटर वारा, ४०० मीटर किंवा कमी दृश्यमानता आणि किमान ४ तास असा आहे. आभाळातून एक कणही पडत नसताना, आधी साचलेला बर्फ वाऱ्याने उडूनही ब्लिझर्ड होतो. याच संदर्भात दोन शब्द येतात. ब्लोइंग स्नो म्हणजे डोळ्यांच्या उंचीच्या वर उडणारा, ज्याने समोरचं दिसत नाही. ड्रिफ्टिंग स्नो जमिनीलगत सरकतो आणि कुंपणाला, दाराला, गाडीला ढीग लावतो. त्या ढिगाला ड्रिफ्ट म्हणतात. रस्ता साफ करणाऱ्या प्लाउने कडेला रचलेला ढीग म्हणजे स्नोबँक.

आता सगळ्यात जास्त गोंधळाचा भाग: हेल, स्लीट आणि फ्रीझिंग रेन.

हेल म्हणजे आपली गार. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांना झोडपणारी गारपीट ती हेलस्टॉर्म. ती गडगडाटी ढगात, वर जाणाऱ्या जोरदार हवेच्या झोतात तयार होते, म्हणून ऊन तापायला लागल्यावरही पडते. ऐन हिवाळ्यातल्या बर्फाला हेल म्हणू नये. मऊ, पांढरे, बोटाने सहज चुरडणारे साबुदाण्याएवढे कण पडले तर ते ग्राउपल.

स्लीटचा अर्थ देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये स्लीट म्हणजे पाऊस आणि बर्फ मिसळून पडणं, ओलं आणि किचकट. अमेरिकेत स्लीट म्हणजे काचेवर टपटप आपटून उसळणारे बर्फाचे टणक दाणे. कॅनडाच्या हवामान खात्याच्या भाषेत त्या दाण्यांना आइस पेलेट्स म्हणतात. लीड्समधल्या मामाचा आणि शिकागोतल्या बहिणीचा ‘स्लीट’ एकच समजू नका.

फ्रीझिंग रेन या शब्दाला मात्र खरंच घाबरावं. हिवाळ्यात कधीकधी जमिनीलगत थंड हवा आणि तिच्या वर उबदार हवेचा थर असतो. वरून येणारे हिमकण त्या उबदार थरात वितळून थेंब होतात. खालचा थंड थर जाड असेल तर थेंब वाटेतच गोठतात, तेच आइस पेलेट्स. तो थर पातळ असेल तर थेंब शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतात आणि रस्ता, तार, फांदी, पायरी, जिथे टेकतील तिथे क्षणात गोठतात. दिसायला साधा पाऊस, पण पायाखाली काच. तारांवर आणि झाडांवर हा थर पाव इंचाच्या आसपास जाड झाला की अमेरिकेत त्याला आइस स्टॉर्म म्हणतात. जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेक आणि ओंटारिओच्या पूर्व भागात अशा वादळाने विजेचे मनोरे अक्षरशः मोडून पडले आणि लाखो लोक कित्येक दिवस, काही ठिकाणी काही आठवडे, विजेविना राहिले. संदेशात फ्रीझिंग रेन दिसलं तर फोन चार्ज करा, पाणी भरून ठेवा आणि बाहेर पडणं टाळा. स्नो कितीही पडला तरी त्यावर बूट रुततो. इथे रुतायला काही नसतं.

जमिनीवरच्या बर्फाचेही प्रकार आहेत. कोरडा, भुसभुशीत तो पावडर. फावड्याने सहज उडतो, पण त्याचा गोळा वळत नाही. वेट स्नो, ज्याला मुलं पॅकिंग स्नो म्हणतात, तो गोळ्याच्या गाडीवर किसलेल्या बर्फासारखा, दाबला की धरून राहतो. वेट स्नो फावड्यावर फार जड होतो, म्हणून फावडं अर्धंच भरायचं आणि उचलण्यापेक्षा ढकलायचं. ढोबळ हिशेब असा की १० इंच बर्फ वितळला की १ इंच पाणी होतं. पावडरमध्ये पाणी याहून कमी, वेट स्नोमध्ये जास्त. अर्धवट वितळून, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठात कालवलेला राखाडी चिखल म्हणजे स्लश. आपले स्पोर्ट्स शूज त्यात दोन मिनिटांत भिजतात. वॉटरप्रूफ बूट लागतात ते मुख्यतः स्लशसाठी.

ब्लॅक आइस काळा नसतो. तो पारदर्शक पातळ थर असतो, खालचं डांबर दिसतं म्हणून हे नाव. दिवसा वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठलं की सकाळी तो हमखास सापडतो. पुलांवर आधी होतो, कारण पुलाला खालूनही थंड हवा लागते. म्हणूनच अमेरिकेत ‘ब्रिज आइसेस बिफोर रोड’ अशा पाट्या असतात. रस्त्यावर टाकलेलं साधं मीठ उणे ९ अंश सेल्सियसच्या खाली फारसं काम करत नाही, त्यामुळे ‘रस्त्यावर मीठ पडलंय’ म्हणून निर्धास्त राहू नये. रस्ता निसरडा आहे हे सांगायला ‘द रोड्स आर स्लिक’ म्हणतात.

तापमानाच्या भाषेत आपली फसगत होते ती फॅरेनहाइटमुळे. अमेरिकेत ‘बिलो झीरो’ म्हणजे उणे १८ सेल्सियसच्याही खाली. पाणी गोठण्याच्या खाली म्हणायचं असेल तर ‘बिलो फ्रीझिंग’, म्हणजे ३२ फॅरेनहाइटच्या खाली. ‘इन द थर्टीज’ ऐकून नागपूरच्या मार्च महिन्याची आठवण होत असेल तर सावध व्हा. ते साधारण उणे १ ते ४ अंश सेल्सियस. ‘इन द टीन्स’ म्हणजे उणे १२ ते उणे ७, आणि ‘सिंगल डिजिट्स’ म्हणजे उणे १८ ते उणे १३. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. फॅरेनहाइटमध्ये तो ३८ च्या वर होतो, म्हणजे ‘अप्पर थर्टीज’. मिनेसोटात जानेवारीत इतका पारा चढला तर लोक त्याला जानेवारी थॉ म्हणतात, म्हणजे मधेच आलेली ऊब. कॅनडात सेल्सियस चालतं, तिथे ‘मायनस ट्वेंटी’ म्हणजे आपल्या हिशेबानेच उणे २०.

याच्या जोडीला विंड चिल. उघड्या त्वचेला वाऱ्यामुळे किती थंड लागेल, त्याचा हा आकडा. हवा उणे १५ सेल्सियस आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल तर विंड चिल उणे २४ येतो. उणे २८ च्या पुढे गेला की १० ते ३० मिनिटांत उघडी त्वचा गोठू शकते. त्याला फ्रॉस्टबाइट म्हणतात. कपडे ठरवताना थर्मामीटरचा आकडा बाजूला ठेवून विंड चिल बघावा. ‘बंडल अप’ म्हणजे नीट गुंडाळून घे. कॅनडात लोकरीच्या टोपीला टूक म्हणतात. चारही बोटं एकत्र राहणारे मिटन्स हे ग्लव्ह्जपेक्षा उबदार. अंगालगत सुती बनियन घालू नये, घाम धरून ठेवतो आणि मग थंडी आतून लागते.

आता एक अमेरिकी संदेश समोर ठेवू: ‘फ्लरीज टेपरिंग ऑफ बाय नून. ब्लोइंग स्नो. हाय इन द लो ट्वेंटीज. विंड चिल अॅज लो अॅज मायनस फाइव्ह.’ टेपरिंग ऑफ म्हणजे हळूहळू ओसरत जाणं. दुपारपर्यंत कण थांबतील. पण ब्लोइंग स्नो लिहिलंय, म्हणजे नवा बर्फ नसला तरी मोकळ्या हायवेवर दिसणार नाही; गावातल्या गावात बसने जायला हरकत नाही. दिवसाचं कमाल तापमान उणे ७ ते उणे ५ सेल्सियस. आणि विंड चिल उणे ५ फॅरेनहाइट, म्हणजे जवळपास उणे २१ सेल्सियस. कान-नाक झाकूनच निघायचं. शेवटचा आकडा सेल्सियस समजून नुसतं जॅकेट चढवून निघणं, ही हमखास होणारी चूक.

इशाऱ्यांची उतरंडही माहीत असावी. आपल्याकडे पिवळा, नारिंगी, लाल अलर्ट असतो. अमेरिकेत वॉच म्हणजे शक्यता आहे, सामान आणून ठेवा. अॅडव्हायजरी म्हणजे त्रास होईल, जपून. वॉर्निंग म्हणजे धोकादायक हवा आली आहे किंवा येऊन ठेपली आहे. वॉच हा सौम्य वाटणारा शब्द आहे खरा, पण दुकानातलं दूध-ब्रेड संपतं ते वॉचच्या दिवशीच.

रोजच्या बोलण्यातली एक गल्लत आपल्या भाषेतून येते. ‘मला थंडी वाजतेय’ म्हणजे ‘आय अॅम कोल्ड’. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झालीय. आणि साहेबाला कळवताना ‘स्नोड इन’ आणि ‘स्नोड अंडर’ यांची अदलाबदल करू नका. पहिल्याचा अर्थ बर्फामुळे घरात अडकलोय, दुसऱ्याचा कामाच्या ढिगाखाली दबलोय. ‘स्नोड अंडर’ लिहून ऑफिसला गेला नाहीत, तर कामाला वैतागून दांडी मारली असा अर्थ निघेल.

घसरून पडलात, तर डॉक्टरला किंवा घरमालकाला सांगताना ‘आय स्लिप्ड ऑन आइस’ म्हणा आणि जागा नेमकी सांगा: ड्राइव्हवे, पायरी की सार्वजनिक साइडवॉक. बऱ्याच शहरांत साइडवॉकवरचा बर्फ ठरावीक तासांत काढायची जबाबदारी लगतच्या घराच्या मालकावर असते, आणि भाडेकरारात ती कधीकधी भाडेकरूवर टाकलेली असते. सही करण्याआधी करारात ‘स्नो रिमूव्हल’ हे दोन शब्द शोधा.