फाइलच्या तळाशी पडलेला एक्स-रे

बाई शिक्षिका. वय चाळिशीच्या आत. उजवी मान, खांदा आणि हात तीन वर्षं दुखत होता. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर जाडजूड फाइल ठेवली आणि मी, इतकी वर्षं फिजिओथेरपी करणारी, त्यांच्याशी धड बोलण्याआधी ती उघडली. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी फुगलेली. झालं, नस दबलीय. आधीच्या तिघांसारखं मीही तेच धरून चालले. सहा सेशन ट्रॅक्शन, शेक, मानेचे व्यायाम. काडीचा फरक नाही.

सातव्या दिवशी निघताना त्या पर्सची चेन लावत होत्या. चेन चिमटीतून तीनदा निसटली. मी त्यांना परत बसवलं आणि दोन्ही तळवे शेजारी शेजारी उजेडात धरले. डावीकडे अंगठ्याच्या मुळाशी मांसल उंचवटा होता, उजवीकडे त्याच जागी खळगा. सहा दिवस हा हात माझ्यासमोर होता.

“ताई, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटात येतात?”

“करंगळीत. आणि इथून, आतल्या बाजूने पार कोपरापर्यंत. मी सगळ्यांना सांगितलं होतं, मॅडम.”

त्या दोन मणक्यांमधून निघणारी नस अंगठ्याकडे जाते, करंगळीकडे नाही. हे आम्ही कॉलेजातच शिकतो. आणि फुगलेली गादी कुणाच्या मानेत नसते? २०१५ साली जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय तपासले, तर ८७.६ टक्के लोकांत ती सापडली होती.

मग कापसाचा बोळा घेऊन बसले. करंगळी बधिर, हाताची आतली बाजूही बधिर. नस कोपरात अडकली असती, तर कोपराखालची ती त्वचा शाबूत राहिली असती. मनगटात अडकली असती, तर अंगठ्याचा स्नायू सुकला असता, पण बधिरपणा अंगठा आणि शेजारच्या बोटांत आला असता. मान मागे-बाजूला कलवून दाबली, तरी कळ हातात उतरली नाही; म्हणजे मानेतल्या गादीवरही संशय घेता येईना. शेवटी दोन्ही हात वर धरून मुठी उघडझाप करायला सांगितलं. तीन मिनिटं करायचं असतं. उजवा हात मिनिटभरातच खाली आला. त्या म्हणाल्या, “फळ्यावर लिहिताना हेच होतं.”

फाइलच्या तळाशी सुरुवातीचा एक्स-रे होता. रिपोर्टमध्ये फक्त मानेचा बाक कमी झाल्याचा उल्लेख. खिडकीशी धरला, तर सातव्या मणक्याच्या उजव्या बाजूने एक टोकदार हाड खाली झुकलेलं. मानेची जादा बरगडी! शंभरातल्या एखाद्याला ती असते आणि बहुतेकांना कधीच त्रास देत नाही. पण तिच्या टोकापासून छातीच्या पहिल्या बरगडीपर्यंत कधी कधी एक चिवट पट्टा जातो, आणि हाताकडे जाणाऱ्या सगळ्यांत खालच्या नसा त्यावर ताणल्या जातात.

मी बोट ठेवून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“हा फोटो तीन वर्षं माझ्या कपाटात होता?”

मला उत्तर देता आलं नाही. सविस्तर चिठ्ठी लिहून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवलं. नसांच्या तपासणीत तेच निघालं, आणि ऑपरेशन करून बरगडी आणि पट्टा काढला.

काही महिन्यांनी त्या भेटायला आल्या. करंगळीतल्या मुंग्या गेल्यात, फळ्यावर तासभर लिहिता येतं. खळगा तसाच आहे; इतका सुकलेला स्नायू सहसा परत भरत नाही. पर्सची चेन त्या आता डाव्या हाताने लावतात.