बर्फ कारखान्यातला मेगर

पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. बोटी सुटायच्या आधी बंदरावर बर्फ तयार हवा, आणि लाद्या गोठायला दिवस जातो. त्यामुळे रत्नागिरीजवळच्या त्या बर्फ कारखान्यातून जुलैअखेर फोन आला, तेव्हा घाई कशाची ते सांगावं लागलं नाही.

बंदीच्या काळात ११ केव्हीचा (११,००० व्होल्टचा) ट्रान्सफॉर्मर बंद होता. सुरू करण्याआधी कुणीतरी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) मारून गेलं होतं. एचव्ही (उच्च दाबाची बाजू) ते अर्थ फक्त ४० मेगाओहम; आकडा जितका कमी, तितकी गळती जास्त. ‘वाइंडिंगला (आतल्या तारांच्या गुंडाळ्यांना) ओल आहे, उचलून न्यावा लागेल,’ असं सांगून तो माणूस गेला.

“सायब, गेलाच काय वो?” मालकांनी मी गाडीतून उतरताच विचारलं. मागच्याच वर्षी त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर पत्र्याची शेड घातली होती, पाऊस लागू नये म्हणून.

मला पहिला संशय त्या शेडचाच आला. उघड्यावरच्या बुशिंगवरचं, म्हणजे तारा बाहेर येतात त्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवरचं, मीठ मुसळधार पाऊस धुऊन काढतो. इथे पाऊस पोचत नव्हता, खारा वारा मात्र तिन्ही बाजूंनी आत येत होता. त्यात ट्रान्सफॉर्मर थंड पडलेला. पोर्सेलिनवर बोट फिरवलं तर चिकट लागलं.

मेगर जो आकडा दाखवतो त्यात वाइंडिंगच्या इन्सुलेशनमधून जाणारा करंट असतो, तसाच बुशिंगच्या पृष्ठभागावरून सरकणाराही. दोन्ही वेगळे करण्यासाठी मेगरला गार्ड नावाचं तिसरं टर्मिनल असतं. अनेकजण ते कधी वापरतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिन्ही एचव्ही बुशिंगना उघडी तांब्याची तार गुंडाळून ती गार्डला जोडली. आता पृष्ठभागावरचा करंट मोजणीत न येता बाजूने निघून जातो. ५ केव्हीवर मिनिटभराने १,८०० मेगाओहम आले. बुशिंग पुसून कोरडी केली, गार्ड काढला, तरी आकडा हजाराच्या वर राहिला. ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाचा नमुना किती दाब झेलतो ते २.५ मिलिमीटर गॅपवर तपासलं. वापरातल्या तेलाला ३० केव्ही तरी हवेत, हे त्याहून बरंच वर टिकलं. हवेतली ओल शोषणारं सिलिका जेल तेवढं गुलाबी, म्हणजे ओलं, झालं होतं, ते बदललं.

मालक लगेच स्विच मारायला निघाले. मी थांबवलं, कारण ट्रान्सफॉर्मरला वीज आणणाऱ्या केबलकडे अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

थ्री-कोअर एक्सएलपीई (प्लास्टिकच्या इन्सुलेशनची) केबल दोन्ही टोकांना सोडवली. एक कोअर तपासताना बाकीचे दोन अर्थ केलेले. आर आणि बी फेज पाच हजार मेगाओहमच्या वर, वाय फेज फक्त ६ मेगाओहम. एकाच केबलच्या तीन कोअरमध्ये एवढा फरक म्हणजे दोष नक्की, मग नियमातला किमान आकडा काहीही असो. इथेही टर्मिनेशन (केबलचं बांधलेलं टोक) पुसून गार्ड लावला, पण काटा हलला नाही. म्हणजे करंट बाहेरून जात नव्हता.

प्रत्येक वेळी डिस्चार्ज रॉड लावून बराच वेळ थांबत होतो. चाचणी संपली तरी केबलमध्ये चार्ज उरतो आणि त्याने माणूस मरू शकतो. सोबतच्या पोराला मी डिस्चार्ज पूर्ण होईपर्यंत लगला (टोकाच्या धातूच्या जोडणीला) हात लावू दिला नाही.

वाय फेजचं टर्मिनेशन कापलं. लगजवळचं सील उन्हाने फाटलं होतं. तिथून खारं पाणी हीट-श्रिंक नळी आणि एक्सएलपीई यांच्या मधून खाली उतरलं होतं, आणि इन्सुलेशनवर काळी, फाटे फुटलेली ट्रॅकिंगची (गळत्या करंटने जळून उमटलेली) रेघ केबलच्या अर्थ केलेल्या धातूच्या स्क्रीनच्या दिशेने अर्ध्यावर आली होती. चाळीसच्या आकड्यावर ट्रान्सफॉर्मर उचलून नेला असता, दुसरा बसवला असता, तरी फॉल्ट याच केबलवर झाला असता.

सुदैवाने केबलला जादा लांबीचा लूप ठेवलेला होता. खराब भाग कापून, आतल्या तारा कोरड्या असल्याची खात्री करून जॉइंटरने नवीन टर्मिनेशन केलं. तिन्ही फेज जवळजवळ सारखे आले. संध्याकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला.

केबलच्या दुसऱ्या टोकाचं काम त्याच वेळी, त्याच माणसाने केलेलं होतं. पावसाळा ओसरला की तेही उघडायचं, असं मालकांशी ठरवूनच निघालो.