मुक्तिनाथ ते थिम्फू : पोळ्यानंतरची तयारी

पोळा झाला, फवारण्या आटोपत आल्या, त्यामुळे संध्याकाळ नेपाळ-भूतानच्या मोटरसायकल प्रवासासाठी गाडीला देता येते. निघायचं सोयाबीनची मळणी उरकली की. ऑक्टोबरअखेर तिकडचा पाऊस ओसरलेला असतो आणि थंडीही अंगावर आलेली नसते. कपाशीची पहिली वेचणी धाकटा भाऊ सांभाळतो म्हणाला, हे फार मोठं काम झालं.

मार्ग पक्का आहे. पांढरकवडा, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली. नेपाळात पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू करून काकडभिट्टा. मग सिलिगुडीवरून जयगाव, फुंटशोलिंग आणि थिम्फू.

इराणकडे जाणाऱ्यांना लागतं ते कार्नेट, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं सीमाशुल्काचं कागदपत्र, इथे लागत नाही. नेपाळच्या सीमेवर गाडीचा भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, दिवसाच्या हिशेबानं भरायचा. दरड कोसळून रस्ता अडला तर पंचाईत नको, म्हणून जास्तीचे दिवस धरून भरणार. भूतानला गाडीचा वेगळा परवाना, शिवाय माणशी रात्रीला 1200 रुपये शुल्क. विम्याचं मात्र नीट बघा. नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. जादा हप्ता भरून नेपाळ-भूतानपर्यंत हद्द वाढवून मिळते. एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही.

सगळ्यात जास्त वेळ दिला मागच्या चाकाला. माझी मोटरसायकल रॉयल एनफिल्डची हिमालयन 411, म्हणजे स्पोकची चाकं आणि ट्यूबचे टायर. बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्या काकांजवळ बसून शिकलो. टायरची कड लिव्हरनं, म्हणजे टायर काढायच्या पट्टीनं, ओढत होतो, तर म्हणाले, "जोर कायले लावतं बा? समोरून गुडघ्यानं दाब, कड खोलात जाऊ दे, मंग इकडून आपोआप सुटते." रिमचा मधला भाग खोल असतो. एका बाजूची कड त्यात बसली की दुसऱ्या बाजूला तेवढी ढील मिळते. सगळी मेख तिथेच आहे.

नवी ट्यूब घालण्याआधी काका टायरच्या आतून चिंधी फिरवतात. आमच्या पांदणीवरचा बाभळीचा काटा बाहेरून मोडतो, टोक आत राहतं. चिंधी बरोबर तिथे अडकते. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच ती आत सारायची, म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. सोबत पुढच्या चाकाची 21 इंची ट्यूब घेतोय. ती लहान गावात मिळणं कठीण, आणि अडीअडचणीला मागच्या 17 इंची चाकातही चालून जाते.

लोखंडी पेट्या मी रद्द केल्या, कापडी बॅगा बांधणार. मुक्तिनाथ साधारण 3,700 मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, म्हणून इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच उरते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल-हवेचं मिश्रण सांभाळतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? ओझं कमी करणं एवढंच आपल्या हातात. अंगावरचे कपडे, अवजारं, ट्यूब, हवेचा पंप आणि आईनं मुक्तिनाथासाठी दिलेलं नारळ, बाकी प्रत्येक वस्तूला दोनदा विचारतोय.

आता पूर्ण ओझं लादून चिखलदऱ्याचा घाट चढून बघायचा, उतरताना ब्रेक किती तापतात तेही कळेल. मुक्तिनाथच्या वाटेवर जोमसोमला दुपारी वारा फार सुटतो, तो टप्पा सकाळीच उरकायचं ठरवलंय. त्याच वाटेवरच्या बेनी ते घासा रस्त्यावरून अलीकडे कोणी गेलं असेल तर टायरमध्ये हवा किती ठेवली होती, ते जरूर सांगा.