हॉब्ज मीटर आणि आईचा प्रश्न

विमान उडवायला शिकताना अमेरिकेत सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर मी भाड्याने घ्यायचो त्या सेस्ना १७२ या छोट्या विमानात एक मीटर आहे, हॉब्ज. इंजिन सुरू झालं की तो चालू, आणि दर ६ मिनिटांनी शेवटचा आकडा सरकतो. धावपट्टीच्या तोंडाशी पुढची तीन विमानं जायची वाट बघत थांबलो, तरी रिक्षाच्या वेटिंगसारखं बिल चढत राहतं. विमानाचे तासाला १७० डॉलर, इंधनासकट. शिक्षकाचे ७५ वेगळे.

"एकूण किती गेले रे?" आई फोनवर विचारते.

अमेरिकेत खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी साधारण नियमाने किमान ४० तास उड्डाण लागतं: निदान २० शिक्षकाबरोबर, १० एकट्याने. मीही ४० तासांचाच हिशोब मांडला होता. लागले ६८. कारण पहिलं वर्षभर पगार झाला की एक धडा, मग तीन आठवडे काही नाही, असं चाललं. तेवढ्यात हात विसरतो. उतरताना नाक नेमकं कधी उचलायचं, हे पुन्हा शिकावं लागतं, तेही मीटर चालू असताना. उन्हाळ्यात सकाळी समुद्रावरून कमी उंचीचे ढग येतात, ठरलेला धडाही रद्द होतो.

म्हणून कळकळीने सांगतो: आधी सगळी रक्कम जमवा, मगच सुरुवात करा. मी शेवटी सहा महिने थांबून पैसे साठवले, मग आठवड्यातून तीनदा उडालो आणि अडीच महिन्यांत परीक्षेला बसलो. लेखी परीक्षेचे १७५, प्रात्यक्षिक घेणाऱ्या परीक्षकाचे ८००, वैद्यकीय तपासणी, हेडसेट धरून साडेसतरा हजार डॉलर झाले. म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास १५ लाख रुपये.

आणि यातून कमाई नाही, हे घरच्यांना नीट सांगावं लागतं. मित्र सोबत आला तर विमानाच्या खर्चात त्याचा वाटा घेता येतो, भाडं आकारता येत नाही. पायलटची नोकरी हवी तर व्यावसायिक परवाना. भारतात त्याला २०० तास लागतात.

खाजगी परवान्यासाठी एकट्याने १५० सागरी मैलांचा प्रवासही करावा लागतो. मी फेब्रुवारीत गेलो. डोंगर ओलांडून मर्सेड, तिथून सॅलिनास, मग परत. मर्सेडच्या अलीकडे बदामाच्या बागा फुलल्या होत्या, मैलोन्‌मैल पांढऱ्या. शेजारची सीट रिकामी होती. हॉब्जवर २.१ तास आले, म्हणजे ३५७ डॉलर.

त्या पावतीचा फोटो आईला पाठवला. तिने आकडा विचारला नाही. विचारलं, "वरून काय दिसलं?"