तीस सेकंदांची शिवी

फेब्रुवारी 2025 मध्ये एका अश्लील विनोदावरून वाद पेटला आणि विनोदवीर समय रैनाने ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या आपल्या कार्यक्रमाचे सगळे भाग यूट्यूबवरून काढून टाकले. पण आठवी-नववीतली पोरं अख्खा भाग बघतात कुठे? त्यांच्यापर्यंत पोचते ती तीसेक सेकंदांची कापलेली क्लिप, तीही कुणा तिसऱ्याच चॅनलवरून. तिच्यात शिवी उरते, मागचा-पुढचा संदर्भ उडतो. मग वर्गात कुणाच्या आईवरून मारलेला टोमणा ‘रोस्ट’ म्हणून खपतो आणि ज्याला लागला तो ‘मस्करी कळत नाही का तुला?’ ऐकून गप्प बसतो.

मोबाइल हिसकावून उपयोग नाही, पोरगं मित्राच्या फोनवर बघतं. त्यापेक्षा त्याला शेजारी बसवून यूट्यूबची वॉच हिस्टरी (आधी पाहिलेल्या व्हिडिओंची यादी) उघडा आणि नको ते व्हिडिओ एकेक करून काढा. शिफारशी बऱ्याच अंशी त्यावरच ठरतात. शॉर्ट्सवर तीन टिंबं दाबून ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ निवडा. नको ते व्हिडिओ लपवणारा यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड प्रत्येक फोनवर, प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळा लावावा लागतो (घरचा टीव्ही हमखास राहतो), आणि तरीही काही शिव्या त्यातून निसटतातच. अशी क्लिप सापडली तर ओरडू नका. ‘यात हसू नेमकं कशाचं आलं?’ एवढंच विचारा.