नोगुचींचे टेबल : दोन लाकडे आणि एक काच

इसामु नोगुची या शिल्पकाराने १९४४ मध्ये रचलेल्या आणि हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीने १९४७ पासून बाजारात आणलेल्या काचेच्या कॉफी टेबलाविषयी मला बरेच दिवस लिहायचे होते, कारण विसाव्या शतकाच्या मध्यावर घडलेल्या फर्निचरमध्ये इतका पूर्ण विचार करून केलेले दुसरे टेबल माझ्या पाहण्यात नाही. वर तीन गोलसर कोपऱ्यांची जाड काच आणि खाली वळणदार लाकडाचे दोन तुकडे, एवढेच त्याचे साहित्य आहे. लांबी सुमारे १२७ सेंटिमीटर, रुंदी ९१ आणि उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. चौकट नाही, कप्पा नाही, काच धरून ठेवणारा एकही स्क्रू नाही.

खालचे दोन तुकडे तंतोतंत सारखे असतात, हे पहिल्यांदा सांगितल्यावर बहुतेकांना पटत नाही. एक तुकडा सुलटा उभा राहतो, दुसरा त्याच्या अंगावर उलटा येतो, आणि जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे एका पिनेने जोडले जातात. आकार एकच असूनही एक वर झेपावल्यासारखा आणि दुसरा जमिनीला टेकून वळल्यासारखा दिसतो, म्हणून डोळ्यांना ते वेगळे भासतात. या जोडीतून तिपाई तयार होते, आणि तीन आधारांवर ठेवलेली वस्तू डगमगत नाही, कारण कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात असतातच. चार पायांच्या टेबलाखाली आपण कागदाची घडी सरकवतो ती चौथा पाय त्या प्रतलात बसत नाही म्हणून. काच या आधारांवर नुसती ठेवलेली असते. ती आज १९ मिलिमीटर जाड असते, आणि सुरुवातीच्या टेबलांची तर सुमारे २२ मिलिमीटर होती. या जाडीची एक चौरस मीटर काच सत्तेचाळीस किलोंहून जड भरते, हे लक्षात घेतले म्हणजे ती जागची का हलत नाही ते उमगते. काचेला आपण नाजूक म्हणतो. इथे सगळी रचना जागच्या जागी राहते ती काचेच्या भारामुळे.

ही जोडणी नोगुचींना टेबलासाठी सुचली असे मला वाटत नाही. ती त्यांच्या शिल्पांमध्ये त्याच सुमारास आकार घेत होती. तरुणपणी १९२७ मध्ये पॅरिसला जाऊन ते ब्रांकुसी या शिल्पकाराच्या कार्यशाळेत राबले होते आणि दगडाचा किंवा लाकडाचा स्वभाव ओळखून काम करण्याची शिस्त त्यांनी तिथून घेतली. चाळीसच्या दशकात इमारतींना लावण्याच्या संगमरवरी फरशा न्यूयॉर्कमध्ये स्वस्तात मिळत, त्या कापून, त्यांना खाचा पाडून, ते तुकडे एकमेकांत अडकवून ते उभी शिल्पे करू लागले. १९४४-४५ चे ‘कूरोस’ हे जवळजवळ तीन मीटर उंचीचे गुलाबी संगमरवरी शिल्प असेच खाचांच्या बळावर उभे आहे आणि ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते शिल्प आणि हे टेबल यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. दोहोंमध्ये तुकडे एकमेकांच्या आधाराने उभे आहेत, आणि दोहोंतल्या आकारांना हाडासारखी किंवा नदीतल्या गोट्यासारखी गोलाई आहे. शिल्पावर छप्पर घालायचे तर ते पारदर्शकच हवे, म्हणून वर काच. या टेबलाकडे माणूस बहुतेक वेळा सोफ्यावर बसून वरून पाहतो, आणि वरून पाहतानाही खालचे शिल्प पूर्ण दिसते.

टेबलाच्या जन्माची हकीकत मात्र क्लेशाची आहे. नोगुचींचे काच आणि लाकूड यांचे पहिले टेबल १९३९ चे, रोझवूडचे, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे तेव्हाचे अध्यक्ष कॉंगर गुडइयर यांच्या घरासाठी केलेले. त्यानंतर रॉब्सजॉन-गिबिंग्ज या फर्निचर-रचनाकाराने त्यांच्याकडून कॉफी टेबलाची कल्पना मागितली आणि नोगुचींनी प्लास्टिकचा एक लहानसा नमुना करून दिला. पुढे युद्ध आले. फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांमध्ये हलवण्यात आले. नोगुची न्यूयॉर्कचे रहिवासी असल्याने त्यांच्यावर ती सक्ती नव्हती, तरीही ते स्वेच्छेने ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या पोस्टन छावणीत गेले. तिथल्या लोकांसाठी बागा आणि खेळाची मैदाने करता येतील अशी त्यांची आशा होती; आराखडे त्यांनी काढले, पण त्यांतले काही उभे राहिले नाही, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते बाहेर पडले. याच छावणीत असताना आपल्या नमुन्यावरून केलेले टेबल गिबिंग्ज यांच्या जाहिरातीत त्यांना दिसले. नोगुचींनीच पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे, परतल्यावर त्यांनी जाब विचारला तेव्हा तीन पायांचे टेबल कोणीही करू शकतो असे उत्तर मिळाले, आणि त्याचा सूड म्हणून त्यांनी आपल्याच टेबलाची नवी आवृत्ती घडवली. टेबल कसे करावे या विषयावरच्या जॉर्ज नेल्सन या रचनाकाराच्या लेखात ती आली, आणि नेल्सन यांचा हर्मन मिलरशी संबंध असल्याने तिथून ती कारखान्यात पोहोचली. मला या हकीकतीत सर्वांत भिडते ते असे, की रागातून केलेल्या या वस्तूत रागाचा लवलेश नाही. पहिल्या कल्पनेत जे अनावश्यक होते ते काढून टाकण्यासाठी त्यांनी तो राग वापरला असावा.

नोगुचींचे वडील योने नोगुची हे कवी होते, आणि चीनवरील जपानी आक्रमणाविषयी १९३८ मध्ये त्यांचा रवींद्रनाथ ठाकुरांशी झालेला कडवट पत्रव्यवहार आपल्याकडच्या वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. मुलगा १९४९ मध्ये स्वतः भारतात आला आणि जंतरमंतरच्या वास्तूंची त्याने मन लावून छायाचित्रे घेतली. आकाशमापनाची उपकरणे म्हणून बांधलेल्या, पण शिल्पासारख्या दिसणाऱ्या त्या रचनांनी ज्याला ओढून घेतले, त्यानेच हे टेबल केले होते, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

हर्मन मिलरने १९७३ मध्ये याचे उत्पादन थांबवले आणि १९८४ पासून ते पुन्हा नियमित सुरू केले. युरोपात ते विट्रा ही कंपनी करते. काळ्या रंगातले टेबल रुबाबदार दिसते खरे, पण माझी पसंती अक्रोडाच्या लाकडाला आहे. काळ्या रंगात फक्त बाह्यरेषा उरते. अक्रोडात लाकडाच्या रेषा वळणाला छेदून सरळ निघून जातात आणि अखंड लाकडातून हे वळण कापून काढले आहे हे समजते. याच्या नकला आता जगभर, आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांतही, मूळ किमतीच्या अल्पशा भागात मिळतात. नक्कल घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही, पण ती पाहताना काचेची जाडी आधी मोजावी असे जरूर सांगेन. दहा-बारा मिलिमीटरची काच वर आली की तिचा भार कमी होतो, कड बारीक दिसते, आणि खालचे लाकूड एकदम बोजड वाटू लागते. त्यानंतर दोन तुकड्यांमधला कोन पाहावा, आणि शेवटी एक तुकडा मनातल्या मनात उलटा करून तो दुसऱ्याशी जुळतो का ते तपासावे. जिथे ते दोन तुकडे वेगवेगळ्या मापांचे निघतात, तिथे करणाऱ्याने छायाचित्र पाहिले होते, टेबल पाहिलेले नव्हते.